बिनआवाजाच्या गाडीला घंटी

दुचाकीवर मागच्या सीटवर बसण्याबद्दल सरकार कधी मानपत्र देणार असेल, तर शिरूर तालुक्यातून माझ्याशिवाय दुसरं नाव निघणं शक्य नाही. मी, मारुतराव, बाजार समितीत कारकुनी करून निवृत्त झालो; पण त्या सगळ्या वर्षांत एकही वाहन स्वतः चालवलं नाही. लहानपणी सायकलवरून पडलो तो पडलोच. कामावर जायचो ते शेजारच्या हौसरावांच्या मागे बसून. हौसराव एसटीत ड्रायव्हर होते आणि मोटारसायकलवर बसले तरी आपल्यामागे चव्वेचाळीस प्रवासी बसलेत अशा थाटात बसत. त्यांचा अंगठा हॉर्नवरून कधी उठायचा नाही. समोर रस्ता रिकामा असला तरी ते हॉर्न वाजवत. रस्त्याला सवय राहावी म्हणून, असं त्यांचं म्हणणं.

मागे बसणाऱ्यालाच कळते अशी यात एक गोष्ट आहे. हॉर्नने दचकलेला माणूस शिवी द्यायला तोंड उघडतो तेव्हा चालवणारा पुढे बघत असतो. ओशाळून मागे वळून बघतो तो मागे बसलेला. शिवी साहजिकच त्याला लागते. एकतीस वर्षं हौसरावांनी हॉर्न वाजवले आणि शिव्या मी खाल्ल्या. तेव्हाच मी ठरवलं होतं, की या जन्मी आपली स्वतःची गाडी झालीच, तर माणसाच्या पाठीमागे हॉर्न वाजवायचा नाही.

आणि गाडी झाली. आमचा विश्वजीत सणसवाडीला कंपनीत आहे. त्याने दिवाळीला विजेवरची स्कूटर आणून दारात उभी केली. हिला गिअर नाही, पंचवीसच्या वर ती पळत नाही, आणि म्हणून हिला लायसन लागत नाही, नंबरप्लेट लागत नाही. "पप्पा, तुमच्यासाठीच बनवलीय," असं तो म्हणाला. याचा अर्थ मी फार खोलात जाऊन काढला नाही. त्याने नियमही सांगितले. हेल्मेट घालायचं. डावीकडून जायचं. वळायच्या आधी इंडिकेटर द्यायचा. गाडीवर फोन घ्यायचा नाही. पायी चालणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. मी ते कागदावर लिहून घेतले आणि पाठ केले.

आठ दिवस मार्केट यार्डाच्या मोकळ्या पटांगणात शिकलो आणि नवव्या दिवशी एकटा घोडनदीच्या पुलापर्यंत जाऊन आलो. वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी समोर कुणाची पाठ नसताना रस्ता कसा दिसतो, ते मी पहिल्यांदा पाहिलं. मला रडू आलं. हेल्मेटमुळे ते कुणाला दिसत नाही, हा हेल्मेटचा फायदा जाहिरातीत का सांगत नाहीत कळत नाही.

भानगड एवढीच होती, की गाडीला आवाज नव्हता. म्हणजे अजिबात नव्हता. आमच्या आळीत माणसं रस्त्याकडे पाठ करून बसतात, कारण येणाऱ्या वाहनाची जात, वय आणि सायलेन्सरची अवस्था त्यांना कानाने कळते. एका सकाळी आळीतल्या गिताबाई उन्हाला, अर्ध्या रस्त्यात पोतं अंथरून गहू निवडत होत्या. मी त्यांच्यामागे दोन हातांवर गाडी थांबवली आणि पायी माणसाला प्राधान्य या नियमाप्रमाणे वाट बघत उभा राहिलो. पायी नसून त्या बसलेल्या होत्या, त्यामुळे बराच वेळ गेला. अखेर त्या सूप घेऊन उठल्या आणि वळल्या. समोर काळं हेल्मेट. त्यांचा आवाज एसटी स्टँडपर्यंत गेला असं हौसराव सांगतात. सुपातले गहू आळीभर झाले आणि ते मला वेचावे लागले.

दुसऱ्या दिवशी केशकर्तनालयासमोर दोघे रस्ता अडवून बोलत उभे होते. मी पुन्हा मागे थांबलो. ते माझ्याबद्दलच बोलत होते.

"त्या मारुतरावाला पोरानं गाडी घेऊन दिली म्हनं."

"त्याला सायकल बी येत न्हाई की. मला वाटतं बॅटरी म्हातारबाच्या आधी जाईल का म्हातारबा बॅटरीच्या, एवढंच बघायचं."

मी हळूच "जरा बाजूला व्हा" म्हटलं असतं तर बरं झालं असतं. पण दुसऱ्याचं बोलणं मधे तोडू नये हाही एक शिष्टाचार आहे. त्यांनी मागे बघितलं तेव्हा एकाच्या हातातला चहा दुसऱ्याच्या शर्टावर गेला.

दोन्ही तक्रारी आमच्या कस्तुराबाईंकडे पोचल्या. आमच्या सौभाग्यवती दौंड तालुक्यातल्या वरवंडच्या, पाटलाच्या घरातल्या. त्यांना माणसाने गरीब असलेलं चालतं, आजारी असलेलं चालतं, पण लोकांनी हसलेलं चालत नाही. त्या स्वतः कधी माझ्या गाडीवर बसल्या नाहीत. चार पावलांवरच्या किराणा दुकानातही चालत जात.

"ऐकून घ्या," त्या म्हणाल्या, "अजून एक तक्रार आली ना, तर चावी माझ्याकडं. इश्वजीतला टेम्पो घेऊन बोलावते, त्यात घालून गाडी सनसवाडीला. या वयात गावाला हसायला कारन नको."

चावी गेली म्हणजे मी पुन्हा हौसरावांच्या मागे. मरेपर्यंत तीच पाठ, तोच हॉर्न.

संकट कळताच सल्लागार जमले. एकाने सांगितलं की गाडीवर रेडिओ लावा. एकाने सुचवलं, मोठ्याने खोकत चला. हौसरावांनी सगळ्यांना गप्प केलं. त्यांच्या भावाकडे शर्यतीचे बैल आहेत.

"बैलाच्या पायाचा आवाज येतो का? न्हाई येत. मग मानसं कशी सरत्यात? घुंगरमाळ," ते म्हणाले, आणि संध्याकाळी पितळी घुंगरांची सव्वा हात माळ घेऊन आले आणि माझ्या गाडीच्या हँडलला स्वतःच्या हाताने बांधून गेले.

सकाळी मी निघालो. आवाज झकास येत होता. इतका झकास, की आळीतल्या बायका नंदीबैल आला समजून धान्य घेऊन दारात आल्या. गिताबाई सुपात जोंधळे घेऊन सगळ्यात पुढे होत्या. मला बघून त्यांनी सूप पाठीमागे लपवलं. पण एका म्हाताऱ्या आजींना दिसायचं कमी. त्यांनी पसाभर जोंधळे माझ्या गाडीच्या डिकीवर वाहिले, हात जोडले आणि "पाऊस कसा हाय यंदा?" असं विचारलं. नाही म्हणवेना. मी मान डोलावली.

चौकात तेजश्रीने अडवलं. तेजश्री म्हणजे आमच्या चौकातली वाहतूक पोलीस. मुलगी गुणी आहे, माझ्याशी कायम काका म्हणून बोलते, आणि त्याच आवाजात पावती फाडते.

"काका, हे काय बांधलंय?"

"लोकांच्या सुरक्षिततेसाठी आहे."

"नंबर नाही, लायसन नाही, वर हे घुंगरू. साहेबांनी विचारलं तर मी काय सांगू? कुठूनतरी लेखी आणा."

लेखी आणायला मी निघालो. बाजार समितीत आयुष्य काढलेल्या माणसाला कागदाची भीती नसते. पहिल्या कार्यालयात सांगितलं, की या गाडीची नोंदणीच होत नाही, म्हणजे आमच्या दृष्टीने ही गाडी नाही. दुसऱ्या कार्यालयात सांगितलं, गाडी नसेल तर रस्त्यावर उभी करता येणार नाही, आणि मी बाहेर ती जिथे उभी केली होती तिकडे संशयाने बघितलं. तिसऱ्या कार्यालयातल्या साहेबांनी मात्र माझा अर्ज शेवटपर्यंत वाचला. विषय: घुंगरमाळ बांधण्याबाबत. त्यांनी वरच्या कोपऱ्यात शेरा मारला आणि मला जनावरांच्या दवाखान्यात पाठवलं. तिथले डॉक्टर माणूसघाणे नव्हते. त्यांनी बाहेर येऊन गाडी बघितली आणि गंभीरपणे म्हणाले, "लस टोचायची वेळ आली की घेऊन या."

एवढा अपमान बाजार समितीत कांद्याच्या लिलावातसुद्धा कुणी माझा केला नव्हता. घुंगरमाळ मी हौसरावांना परत केली. मग आठवडे बाजारात दोर, कासरे, वेसणी विकणाऱ्या बाईच्या पालावर मला एक घंटी दिसली. पितळेची, लिंबाएवढी, आत लोखंडी लोळा. आवाज मऊ. दचकवणार नाही, पण कळेल. जनावराच्या गळ्यातली होती, पण कोणत्या जनावराच्या ते मी विचारलं नाही आणि बाईने सांगितलं नाही. तेजश्रीनेही कान देऊन ऐकली आणि म्हणाली, "सायकलला घंटी चालते, तर हिला का नाही. जा काका."

त्यानंतरचे नऊ दिवस माझ्या आयुष्यातले सर्वात चांगले. किणकिण ऐकली की माणसं शांतपणे बाजूला व्हायची. गिताबाई न बघता पोतं ओढून घ्यायच्या. खोटं कशाला बोला, मला जरा गर्व झाला.

दहाव्या दिवशी कस्तुराबाई माहेराहून परत येणार होत्या. चार दिवस वरवंडला भावाकडे राहून त्या दुपारच्या एसटीने निघाल्या होत्या. त्यांनी फोनवर सांगितलं, न्हावरा रस्त्याच्या मळ्यातून मेथी आणून ठेवा. एका जुडीचं काम होतं. मळेवाल्याने ओळखीखातर भारा दिला. तो मी मागच्या सीटवर उभा करून बांधला. दोन्ही आरशांत मेथीच मेथी दिसायला लागली. आरसे झाकले गेले की गाडी पुढे काढायची नाही, हा नियम विश्वजीतच्या यादीत नव्हता. असायला हवा होता. मी आता तो सगळ्यांना सांगत असतो.

वाटेत मेंढरं आडवी आली. मल्हारी धनगराचा कळप या शेतातून त्या शेतात चालला होता. मी गाडी थांबवून उभा राहिलो. मल्हारी मागे बाभळीत अडकलेलं कोकरू सोडवत होता. त्याने तिथूनच हात केला.

"जावा मामा मधनं. हळू जावा, सरत्यात ती."

मी हळू गेलो. घंटी वाजत होती. मेंढरं खरोखरच सरली, मला वाट झाली आणि मी पुढे निघालो. पुढचा सगळा रस्ता वस्तीचा. शाळा, गतिरोधक, पुन्हा शाळा. मी आठ-दहाच्या वर गेलोच नाही.

त्या दिवशी गावाचं वागणं काही वेगळंच होतं. समोरून येणारा ट्रॅक्टर मला बघून चक्क रस्त्याच्या खाली उतरला. मोटारसायकलवाले थांबले. दुकानातली माणसं उठून ओट्यावर आली. काहींनी हात केले, काहींनी मोबाइल धरले. मला वाटलं, एका माणसाने शिस्त पाळली की हळूहळू गाव पाळतं, ते हे. मी मान लववून सगळ्यांचे नमस्कार घेत होतो. मागून एक एसटी सारखा हॉर्न देत होती. हेल्मेटमधूनही तो ऐकू येत होता. मी डावीकडे आणखी सरलो आणि विश्वजीतने शिकवल्याप्रमाणे उजवा हात काढून तिला "पुढे जा" अशी खूण केली. ती जाईना. पुन्हा केली. तिसऱ्यांदा केली तेव्हा ड्रायव्हरने इतका लांब हॉर्न दिला, की या खात्यातली माणसं निवृत्त झाल्यावर कशी वागतात त्याचं मला अजिबात नवल वाटेना.

चौकात तेजश्रीने हात दाखवला. मी पांढऱ्या पट्टीच्या अलीकडे गाडी उभी केली. तेजश्री माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या मागे बघत होती आणि तिचं तोंड उघडं होतं.

"काका," ती म्हणाली, "ही किती आहेत?"

"एक भारा आहे."

"मेंढरं विचारतेय मी."

त्याच वेळी माझ्या गुडघ्याशी एक शिंगवाला एडका आला आणि त्याने मेथी ओढली. मी वळलो. न्हावरा रस्ता दिसतच नव्हता. दिसत होती ती अंगाला अंग लावलेली सव्वाशे मेंढरं, पार लांबवर, आणि त्यांच्यामागे ती एसटी. मी थांबलो म्हणून ती सगळी थांबली होती आणि माझ्याकडे बघत होती. एसटीचं दार उघडलं. हातात पिशवी घेऊन कस्तुराबाई उतरल्या.

त्यांचा चेहरा मी इथे सांगत नाही. 

चहाच्या टपरीवरून हौसराव ओरडले, "हारन मारा, हारन." एसटीवाल्यानेही त्यांना साथ दिली. मेंढरं बुजली आणि मला आणखी चिकटली. दोन तर कापडाच्या दुकानाची पायरी चढायला लागली. तेवढ्यात मल्हारी धापा टाकत आला.

"हारन बंद करा आधी," तो म्हणाला. "बुजली तर एकएक दुकानात शिरंल. मामा, तुमच्या गाडीला मेंढराची घंटी हाय. माझ्या म्होरक्या एडक्याची घंटी परवा उसात पडली, तवापासनं मेंढरं सैरभैर झाल्यात. आता ती तुमच्यामागंच येनार. गाडी बंद करू नका. हळूहळू नदीकडं घ्या."

"मी?"

"मग कोन? मी हाकून उपयोग न्हाई. फुडं चालनारा पायजे."

आता विचार करा. आतापर्यंत माझ्यामागे मेंढरं होती, पण मला ठाऊक नव्हतं. त्यात एक प्रकारचा मोठेपणा असतो. आता ठाऊक असताना, हेल्मेट घालून, इंडिकेटर देऊन, भर बाजारपेठेतून सव्वाशे मेंढरं न्यायची होती. मला वाटलं, चावी काढून कस्तुराबाईंच्या हातात द्यावी आणि घरी चालत जावं. पण एक मेंढी कापडाच्या दुकानात साडीला तोंड लावत होती. मी निघालो.

बाजारपेठ मला कधी एवढी लांब वाटली नव्हती. लोक हसत होते, मी समोर बघत होतो. एक म्हातारे आप्पा रस्ता ओलांडायला उभे होते. मी थांबलो, मेंढरं थांबली, आप्पा काठी टेकत सावकाश पलीकडे गेले, मग आम्ही सगळे निघालो. वळणावर मी हात दाखवला. हॉर्न एकदाही दिला नाही. मागून मल्हारीची हाळी येत होती, आणि तिच्याबरोबर एक ओळखीचा आवाज येत होता. "हुर्र. इकडं कुठं चाललीस गं? सरळ चल." बऱ्याच वेळाने मला कळलं की तो कस्तुराबाईंचा आहे. काखेत पिशवी, हातात माझ्या मेथीची काडी, आणि पाटलाची लेक कळपाच्या कडेने मेंढरं वळवत चालली होती.

नदीकाठच्या गवतात मेंढरं पसरली तेव्हा मी गाडीवरून उतरलो. घंटी सोडून मी मल्हारीला दिली. तो ती त्या एडक्याच्या गळ्यात बांधत बांधत म्हणाला, "मेथी हाय म्हनून आली असं लोक म्हनतील. मेथीमागं धा आली असती, सव्वाशे न्हाई. मेंढरू धक्के देनाऱ्यामागं जात न्हाई मामा. तुम्ही बेस चालवता."

माझ्या चालवण्याबद्दल हे पहिलं आणि आजवरचं शेवटचं प्रमाणपत्र. पण उपयोग काय? कस्तुराबाईंनी हात पुढे केला.

"चावी."

मी दिली. म्हटलं, "तक्रार आलीच म्हणायची. पण एक सांगतो. लोक हसले तरी मला या गाडीवर फार बरं वाटत होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाच्या मागे नव्हतो." मी नदीकडे बघायला लागलो.

त्यांनी पदर खोचला, माझ्या डोक्यावरचं हेल्मेट काढून आपल्या डोक्यावर घातलं आणि गाडीवर बसल्या. पुढच्या सीटवर.

"ब्रेक कुठला म्हनायचा?"

"अगं, तू?"

"मग? शाळेत असल्यापासनं शिकायचं होतं. पडलं तर लोक हसतील म्हनून राहिलं," त्या म्हणाल्या. "आता गावाला हसायचं तेवढं हसून झालंय. आज मी पडले तरी कुनाच्या पोटात हसू शिल्लक न्हाई. शिकवा."

मी शिकवलं. गवतात आम्ही दोनदा पडलो. दुसऱ्या वेळी त्या उठेचनात. मी घाबरून बघितलं तर त्या हसत होत्या. मेंढरं लांबून आमच्याकडे बघत होती.

पुढच्या पंधरा दिवसांत त्या माझ्यापेक्षा चांगली गाडी चालवायला लागल्या. घंटीबद्दल विचारलं तर म्हणाल्या, "तोंड दिलंय की देवानं," आणि आळीत वळल्या वळल्या साध्या आवाजात सांगितलं, "गिताबाई, मी येतीय, बसा, कडंनं जाते." गिताबाई बसूनच हसल्या. इतक्या सल्लागारांपैकी, चार कार्यालयांपैकी आणि माझ्यापैकी कुणालाही हे सुचलं नव्हतं.

एका रविवारी आम्ही दोघे पुलावरून येत असताना विश्वजीतचा फोन आला. कस्तुराबाईंनी आधी इंडिकेटर दिला, गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, पाय टेकले आणि मगच फोन घेतला. मेंढरांची गोष्ट त्याच्या कानावर गेली होती; टेम्पो घेऊन गाडी न्यायला येऊ का, असं तो विचारत होता.

"कुठली गाडी?" त्या म्हणाल्या. "माझी व्हय? माझी न्हाई मिळायची."

फोन ठेवून त्यांनी मागे न बघता मला नीट धरून बसायला सांगितलं. मी मागच्या सीटवर नीट धरून बसलो. समोर पुन्हा एक पाठ होती, पण खरं सांगतो, या पाठीबद्दल माझी काही तक्रार नव्हती.